जोनेल टॅकेटचे बारा दिवस

मी बारा दिवस मोजायला विसरलो आणि जोनेल टॅकेटची संघातली जागा गेली. निदान फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, ती गेली याबद्दल माझं आणि पॉलेटबाईंचं एकमत झालं होतं. आमचं एकमत फार क्वचित व्हायचं, म्हणून वेळ लक्षात राहिली.

फोर्ट वेन हेरन्स या महिला बास्केटबॉल संघात माझ्याकडे दोन कामं होती. सकाळी सरावात खेळाडूंच्या विरुद्ध उभं राहायचं. महिला संघांना सरावासाठी उंच, दांडगट आणि स्वस्त पोरं लागतात. मी उंच होतो आणि स्वस्त होतो. दुपारी वर ऑफिसात बसून पगाराचा तक्ता सांभाळायचा, कारण माझ्या अर्जात ‘गणितात गती’ असं मीच लिहून ठेवलं होतं. आमच्या गावच्या शाळेत पोरं एकशे ऐंशी आणि जिममध्ये खुर्च्या दोन हजार. तिथे गणितात गती असणं म्हणजे फलकाकडे न बघता आपण किती गुणांनी मागे आहोत ते सांगता येणं. तेवढी गती मला खरंच होती.

तक्त्याचा नियम असा की लीग दरवर्षी एक आकडा देते आणि बारा जणींचे पगार मिळून त्या आकड्याच्या आत बसवावे लागतात. एक डॉलर वर गेला तरी करार परत. तळाला किमान पगार असतो. लीगमध्ये दोन किंवा कमी वर्षं काढलेल्या खेळाडूला चौसष्ट हजार, तीन वर्षं झालेलीला शहात्तर हजार. आणि वर्ष म्हणजे काही आख्खं वर्ष नव्हे. यादीत एक दिवस जरी नाव लागलं तरी लीगच्या हिशेबी ते वर्ष झालं. हे मला पाठ होतं. तरीही मी जोनेलची वर्षं दोन धरली, कारण पहिल्या वर्षी पश्चिमेकडच्या एका संघात कुणाचा तरी घोटा दुखावला म्हणून तिला बोलावलं होतं आणि बारा दिवसांनी घरी पाठवलं होतं. त्या बारा दिवसांत ती मैदानावर एकूण चार मिनिटं होती. चार मिनिटांचं वर्ष कोण मोजतं?

लीग मोजते. मंगळवारी सकाळी तिचा करार परत आला. सोबत एकच ओळ: खेळाडूची सेवा तीन वर्षांची आहे, किमान पगार सुधारून पाठवावा.

पॉलेट व्हॉस आमच्या जनरल मॅनेजर. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून स्वेटरच्या कडेला पुसला, पुन्हा लावला.

“रिग्ज, तक्त्यात शिल्लक किती?”

“तीन हजार शंभर.”

“आणि लागतात?”

“बारा हजार.”

“म्हणजे?”

“आठ हजार नऊशे कमी पडतात.”

“वा,” बाई म्हणाल्या. “गती आहे खरी.”

दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी दुपारपर्यंत वाईट चेहरा करून फिरलो असतो आणि मग जेवलो असतो. पण जोनेल म्हणजे तशी गोष्ट नव्हती.

माझी तिची पहिली भेट जमिनीवर झाली. दोन वर्षांमागे, माझ्या सरावाच्या पहिल्याच दिवशी, मी आमच्या मोठ्या खेळाडूच्या, सिमोन लेडबेटरच्या, मागे जीव तोडून धावत होतो, आणि वाटेत अचानक एक भिंत आली. मी उताणा पडलो. भिंत वाकून माझ्याकडे बघायला लागली.

“डावीकडून येतेय असं मोठ्यानं ओरडले होते मी.”

“तुम्ही तुमच्या बाजूला सांगत होता.”

“मग? तुझे कान फक्त तुझ्या बाजूचं ऐकतात का?”

हेच तिचं काम. दुसरीच्या वाटेत आडवं उभं राहायचं, धक्का अंगावर घ्यायचा, म्हणजे सिमोनला चेंडू टाकायला मोकळी जागा मिळते. हे काम गुणफलकावर कुठेच दिसत नाही. ती कोकोमोची, बत्तीस वर्षांची, पाच फूट अकरा. वडील गाड्यांच्या गिअरच्या कारखान्यात होते, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. दहा वर्षांपूर्वी लीगच्या निवडीत शेवटच्या फेरीत तिचं नाव आलं, शिबिराच्या शेवटच्या दिवशी गेलं. मग ते बारा दिवस. मग मुलगी झाली, निया. मग आमच्या संघात एक पूर्ण मोसम, सिमोनचं ते पहिलंच वर्ष, दौऱ्यावर दोघी एका खोलीत. पुढे दोन वर्षांमागे अर्धा मोसम. मधले हिवाळे हंगेरी, पोलंड, तुर्कस्तान, जिथे पगार वेळेवर मिळेल असं कुणी छातीठोक सांगेल तिथे. निया आठ वर्षांची झाली होती आणि त्यातले पाच हिवाळे तिनं मावशीकडे काढले होते.

या हिवाळ्यात मात्र जोनेल कुठेच गेली नाही. प्राथमिक शाळेत बदली पीटी शिक्षिका म्हणून लागली. तेवढ्यावर घर चालत नव्हतं, पण हेरन्समधली एक जागा मिळाली तर चालणार होतं. तिनं नियाला शब्द दिला होता, यंदा विमान नाही. तो शब्द आता माझ्या तक्त्यात अडकला होता.

यातली गंमत अशी, की तक्ता भरला होता तोच मुळी जोनेलमुळे.

यंदा सिमोनचा करार संपत होता. ती निघण्याच्या बेतात होती. सहा वर्षं एकटीनं संघ ओढून तिचे गुडघे बोलायला लागले होते. त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावरच्या संघातून मॅगी ड्रेहरही मोकळी होत होती. या दोघी एका संघात आल्या तर काय होईल यावर आमच्या शहरातले न्हावी, पाद्री आणि बसचालक रोज बोलत होते. अडचण एवढीच की दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी एका सामन्यात मॅगीचं कोपर सिमोनच्या भुवईला लागलं आणि सात टाके पडले. मॅगीचं म्हणणं, चुकून लागलं. सिमोनचं म्हणणं, असं चुकून लागत नाही.

जोनेल दोघींची मैत्रीण. मॅगीबरोबर तिनं हंगेरीत दोन हिवाळे एका फ्लॅटमध्ये काढले होते. डिसेंबरात नियाच्या वाढदिवसाला तिनं दोघींना बोलावलं, आणि दुसरी येणार हे दोघींनाही सांगितलं नाही. मला घडीच्या खुर्च्या आणायला बोलावलं होतं.

सिमोन आधी आली. मग बेल वाजली आणि दारात मॅगी, हातात गुलाबी कागदातली भलीमोठी भेट. सिमोननं जोनेलकडे बघितलं.

“टॅकेट, तू मेलीस.”

“आधी जेवा. मग मारा.”

जेवायला आमच्याकडे असतं तेच, कोंबडीच्या रश्श्यातले नूडल्स, खाली कुस्करलेला बटाटा. मॅगी ओरेगनची. तिनं ताटलीत काटा फिरवत विचारलं, “बटाट्यावर नूडल्स? तुम्ही पावावर भातसुद्धा घालता का?”

“ओरेगनमध्ये काय खातात?” सिमोननं ताटलीकडेच बघत विचारलं. “कोपरं?”

मग निया फसकन हसली, आणि मॅगीलाही हसू आलं. जोनेलनं ताटल्या उचलल्या आणि पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवला. आमच्याकडे युकर सगळ्यांनाच येतं. चौघं लागतात, समोरासमोर बसलेले भिडू. जोनेलनं माझ्या दंडाला धरून मला स्वतःच्या समोर बसवलं. म्हणजे त्या दोघींना एकमेकींच्या समोर बसण्यावाचून इलाज राहिला नाही.

युकरमध्ये भिडूशी हातातल्या पानांबद्दल बोलायचं नसतं. तो काय धरून बसलाय हे त्यानं टाकलेल्या पानांवरून ओळखायचं. पहिला डाव त्या हरल्या. दुसऱ्या डावात सिमोननं एक विचित्र पान टाकलं आणि मॅगीनं क्षणभर तिच्याकडे बघून नेमकं त्याला जोडीचं टाकलं. तिसऱ्या डावापर्यंत आमचं पानिपत झालं होतं. साडेचार वाजता त्या दोघी “अजून एक” म्हणत होत्या आणि भुवईच्या टाक्यांवरून एकमेकींना चिडवत होत्या. मी मुद्दाम हरलो असं नंतर जोनेलला सांगून बघितलं. ती म्हणाली, “नाही, तू तसाच खेळतोस.”

जानेवारीच्या अखेरीस दोघींनी पॉलेटबाईंना कळवलं, आम्ही एकत्र येतो. बाहेर दोघींना प्रत्येकी दोन लाख तीस हजार मिळत होते. दोघी एक लाख पंच्याऐंशीवर उतरल्या, कारण तसं केलं तरच दोघी तक्त्यात बसत होत्या. सिमोननं शनिवारी सही केली. मॅगी बुधवारी विमानानं येऊन गुरुवारी दुपारी करणार होती. बाकी नऊ जणींचे करार आधीच पक्के झाले होते, आणि बाईंनी स्वतःहून जोनेलला म्हटलं होतं, बारावी जागा तुझी. मी ती चौसष्ट हजारांना धरली, खाली शिल्लक तीन हजार शंभर लिहिली आणि स्वतःवर खूश होऊन सँडविच खाल्लं.

“आता काय?” मंगळवारी मी बाईंना विचारलं.

“आता अकरा जणी. नियमात बसतं. नाहीतर निवडीतली एखादी नवी पोरगी घेऊ, ती चौसष्टला येते.” त्यांनी परत आलेला करार माझ्याकडे सरकवला. “टॅकेटला तू सांगायचंस. फोनवर नाही.”

शाळेत पोचलो तेव्हा जोनेल दुसरीच्या वर्गाला घेऊन जिममध्ये होती. वीसेक पोरं एका प्रचंड रंगीत पॅराशूटच्या कडा धरून उभी. मला बघून ती म्हणाली, “आलास? ती निळी कड धर. ते पोर शी-शूला गेलंय.”

मी निळी कड धरली. पॅराशूट वर गेलं, खाली आलं. ते वर असताना आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसायचे, खाली आल्यावर फक्त फुगलेलं कापड. मी सांगून टाकलं, तीन खेपांत.

“किती दिवस म्हणतोस?”

“बारा.”

“तेराव्या दिवशी सकाळी काढलं मला. नाश्ता देऊन काढलं, हे मात्र खरं.” पॅराशूट वर गेलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. “मग मी चौसष्ट घेते. बारा हजारांनी काही बिघडत नाही.”

“चालत नाही. तीन वर्षं झालेलीला शहात्तरच्या खाली कुणी देऊ शकत नाही आणि ती घेऊ शकत नाही. तुमच्या युनियननं भांडून मिळवलंय ते.”

“माहीतेय. मीच हात वर केला होता त्या मताला.” ती जराशी हसली. “म्हणजे मॅगी पंचेचाळीस हजार सोडू शकते, पण मी बारा सोडू शकत नाही.”

“मॅगीची सही अजून झालेली नाही,” मी म्हटलं. “तिनं जर—”

“रिग्ज.” कापड खाली आलं, आणि आवाज त्याच्या पलीकडून आला. “मॅगीला एक अक्षर बोलायचं नाही. मी त्यांना जेवायला घातलं ते बिल पाठवण्यासाठी नाही.”

“मग?”

“ऑस्ट्रेलियातला एक संघ विचारतोय. एप्रिल ते ऑगस्ट. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.”

“आणि निया?”

“तिला रविवारी सांगेन. रविवारी पॅनकेक असतात.” मग ती पोरांकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, “चला, आता सगळ्यांनी खाली! कोण कोण आत राहतंय बघू!” वीस पोरं किंचाळत कापडाखाली घुसली. ती तिथेच उभी राहिली, कड हातात धरून.

बुधवारी मॅगीला विमानतळावरून आणायचं काम माझ्याकडेच होतं. दोन मोठ्या पिशव्या, गुडघ्यापर्यंत कोट, आणि माझ्या लहान गाडीत ती बसली तेव्हा गुडघे हनुवटीला. रस्त्याच्या दोन्ही कडांना काळवंडलेला बर्फ होता.

“टॅकेट का नाही आली घ्यायला?”

“शाळा आहे तिला.”

“काल रात्रीपासून मेसेजलाही उत्तर नाही. शाळा रात्रीची असते का?”

मी रस्ता बघत राहिलो. मला गप्प बसायची सवय नाही, आणि गप्प बसलो की ते दिसतं.

“तुझे कान लाल झालेत,” मॅगी म्हणाली.

“हीटर आहे.”

“हीटर बंद आहे. बोल.”

मी बोललो. सुरुवात माझ्या चुकीपासून केली, कारण तेवढा भाग तरी सांगायचा हक्क माझा होता. बारा दिवस, चार मिनिटं, शहात्तर हजार, आठ हजार नऊशे. एक सिग्नल लागला, सुटला.

“मला सांग असं ती म्हणाली?”

“नाही. एक अक्षर बोलायचं नाही म्हणाली.”

“मग बोललास का?”

“चूक माझी आहे आणि विमानात ती बसणार आहे.”

मॅगी खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, “हंगेरीत आमच्या फ्लॅटमध्ये एकच रजई होती. टॅकेट ती मला द्यायची आणि स्वतः कोट घालून झोपायची. मला थंडी वाजतच नाही म्हणायची. मी तेव्हा बावीस वर्षांची. मला खरं वाटलं. मार्चमध्ये एकदा रात्री उठले, तर ही ओव्हन उघडून त्याच्यासमोर बसलेली.”

तिनं फोन काढला आणि तिच्या एजंटला लावला. एजंटचा आवाज मला स्टिअरिंगपर्यंत ऐकू येत होता. पंचेचाळीस हजार आधीच सोडलेत, लोक हसतील, पुढच्या करारात हाच आकडा तोंडावर मारतील, वगैरे. तो म्हणत होता ते चूक नव्हतं. मॅगीनं सगळं ऐकून घेतलं.

“लिहून घे,” ती म्हणाली. “एक लाख शहात्तर हजार शंभर. हो. नाही, वरचे शंभर पण लिही. ते माझे आहेत.”

गुरुवारी दुपारी तिनं सही केली. पॉलेटबाईंनी जोनेलचा करार शहात्तर हजारांवर पुन्हा पाठवला, आणि चार वाजायच्या आत लीगचं उत्तर आलं, मंजूर. त्यानंतर बाईंनी तक्ता माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या टेबलावर नेला. मी तेव्हापासून सरावात पडतो आणि पाण्याच्या बाटल्या भरतो.

जोनेल सही करायला आली ती पीटीच्या ट्रॅकसूटवरच, गळ्यात शिटी. कागद वाचला. मॅगीचा आकडा त्या कागदावर नसतो, पण बातम्यांत आला होता.

“तू बोललास,” ती मला म्हणाली.

“हो.”

तिनं सही केली आणि निघून गेली. पुढचे पंधरा दिवस सरावात ती मला भेटली ती फक्त खांद्यानं. एकदा बरगडीत असा धक्का दिला की मी दोन दिवस शिंकायला घाबरत होतो. ऑस्ट्रेलियाला तिनं ‘नाही’ असं कळवलं. रविवारचे पॅनकेक तसेच झाले, आणि नियाला यातलं काही कळलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ती वर ऑफिसात आली. मी बाटल्या मोजत होतो.

“नियमांचं ते जाड पुस्तक तुझ्याकडे आहे ना?”

“आहे. का?”

“मॅगीचे पैसे परत द्यायचेत. हप्त्यानं. कसे देतात ते बघ.”

मी बघितलं. तीनशे चाळीस पानं. एका खेळाडूनं दुसरीसाठी पगार सोडायचा आणि दुसरीनं तो मागच्या दारानं भरून द्यायचा, हे लीगला चालत नाही. कळलं तर दोन्ही करार रद्द. मी तिला ते पान दाखवलं. तिनं बोटानं ओळ न् ओळ वाचली.

“वाढदिवसाची भेट?”

“आठ हजार नऊशेची?”

“थोडी थोडी. नव्वद वाढदिवस.”

“जोनेल, ती कशाला घेईल?”

“ती घेईल की नाही ते तिचं. मला कुणाचं ठेवायची सवय नाही.”

“मग लाव आता सवय.”

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी तिला संघातून काढलंय.

मे महिन्यात पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिनं सराव संपल्यावर माझ्या हातात एक पाकीट कोंबलं. आत शंभर डॉलर आणि वर पेन्सिलीनं ‘एम. ड्रेहर’. मी ते पॉलेटबाईंकडे नेलं, कारण तक्त्याची अद्दल मला पुरली होती. बाईंनी न उघडताच परत दिलं आणि म्हणाल्या, “हे मी पाहिलेलं नाही. तूही नाही.”

मी जोनेलला पाकीट परत दिलं. तिनं ते उलटसुलट केलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सिमोन आणि मॅगी बसून पायाला बर्फ लावत होत्या, आणि मध्ये निया चेंडूवर बसून त्यांना शाळेतलं काहीतरी भांडण सांगत होती. तिच्या बाजूनं निकाल लावायला दोघी तयार नव्हत्या.

“तू दे ना तिला,” जोनेल म्हणाली. “तू खेळाडू नाहीस. तुला काय नियम?”

“मला पॉलेटबाईंचा नियम.”

“घाबरट.”

“हो.”

“टॅकेट!” मॅगी लांबून ओरडली. “तुझी पोरगी माझं ऐकत नाहीये!”

“माझंही ऐकत नाही,” जोनेल ओरडली. तिनं पाकीट बुटांच्या पिशवीत खाली सारलं, पिशवीची दोरी ओढली आणि त्यांच्याकडे गेली.

पाकीट अजून तिथेच आहे. परवा पाहिलं तर शंभरचे दोनशे झाले होते.